नाव घेऊन दिलेला पेला

ही गोष्ट २०२३ सालच्या नाताळातली, इंदूरच्या एका लहानशा मराठी चर्चमधली. मित्रांनो, मी त्या चर्चचा एक जुना चांदीचा पेला आहे. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून आमच्याकडे प्रभुभोजन होतं, तेव्हा माझ्यातला द्राक्षरस सगळी मंडळी घोट घोट पितात.

माझा जन्म इंदूरच्या सराफा बाजारातला. महूच्या पलटणीतून निवृत्त झालेले संताजी हवालदार मला घडवून घ्यायला आले होते. एवढा मोठा पेला कोणासाठी, असं कारागिराने विचारलं. सगळ्यांसाठी, असं ते म्हणाले. त्या काळी पाण्याचे माठसुद्धा जातीजातीचे वेगळे असत. कारागिराची हातोडी थांबली. "एक ही बर्तन से? सब के सब?"

"हां भिया, सब," संताजी म्हणाले.

कारागिराने बरेच दिवस माझ्या कामाला हात लावला नाही. मग कामाला बसला, तेव्हा मात्र माझा काठ त्याने मुद्दाम जाड केला. इतक्या ओठांना लागायचा, तर बोचायला नको म्हणून.

आमच्या मंडळीत एक रीत होती. मी पहिल्या बाकापासून हातोहात मागे जात असे. प्रत्येक जण माझा काठ पांढऱ्या फडक्याने पुसायचा, शेजाऱ्याचं नाव घ्यायचा आणि म्हणायचा, "तुझ्यासाठी." ज्यांचं बोलणं बंद असेल, त्यांनी आधी समेट करायचा, मगच घोट घ्यायचा. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी लोक एकमेकांच्या दारात दिसायचे. एकदा दोन जावा उसन्या नेलेल्या कुकरवरून महिनाभर अबोल होत्या. माझ्यासाठी त्या बोलल्या. कुकर मात्र परत गेला नाही.

मग २०२० साली आजार आला. मला फ्लॅनेलमध्ये गुंडाळून कपाटात फुलदाण्यांच्या मागे ठेवलं. त्यात कोणाची चूक नव्हती, माणसं जपायची होती. पण आजार ओसरला तरी प्लास्टिकचे छोटे पेले राहिले. आपापला घ्यायचा, प्यायचा, टाकून द्यायचा. कोणाचं नाव घ्यायला नको. मी अंधारात काळा पडत गेलो.

२०२३च्या नाताळासाठी चर्चचे नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, अश्विन यांनी मला बाहेर काढलं आणि बेबीताईंकडे दिलं. बेबीताई म्हणजे संताजींची नात. त्या मला विजय नगरच्या फ्लॅटवर घेऊन गेल्या, दात घासायच्या पांढऱ्या पावडरीने घासू लागल्या आणि घासता घासता आपली नात संहिता हिला मनातलं सांगू लागल्या. म्हणून मला सारं कळलं.

त्यांचा धाकटा भाऊ शाम छत्रीबागेत राहायचा. नोव्हेंबरात निवडणूक होती. शामकाकांनी आपल्या घरच्या प्रार्थनेला एका उमेदवाराला बोलावलं. तो हात जोडून बोलायला उभा राहिला. प्रार्थनेत प्रचार नको, म्हणून बेबीताईंनी गीत सुरू केलं. कडवी संपली की पुन्हा पहिल्यापासून. प्रार्थनेत गीत सुरू झालं की आमची माणसं सवयीने गातातच. सगळे गात राहिले आणि उमेदवार हात जोडलेलाच निघून गेला. शामकाकांची मान खाली गेली. त्या दिवसापासून ते ताईंशी बोलले नाहीत. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर एकटे बसू लागले आणि प्रभुभोजन घेईनासे झाले. नाताळ झाला की मुलगा मानस त्यांना कायमचं पुण्याला नेणार होता.

"असा रुसून गेला तर पुन्हा भेट कधी? आमची वयं काय आहेत, संहिता?" असं म्हणून बेबीताईंनी मला इतकं घासलं की माझ्यावर कोरलेलं संताजींचं नाव पुसट झालं.

नाताळच्या उपासनेत मी बेबीताईंच्या हाती आलो. त्या प्यायल्या नाहीत, शेजारणीलाही दिलं नाही. उठल्या आणि मला घेऊन चालत थेट शेवटच्या बाकाशी गेल्या. द्राक्षरस हिंदकळत होता.

"शाम, तुझ्यासाठी."

शामकाकांनी हात पुढे केला नाही. "माझ्याच घरात मला खाली पाहायला लावलंस."

"लावलं. चुकलं माझं. पण प्रार्थनेत प्रचार कशाला?"

"प्रचार कसला, ताई? कबरस्तानाचा रस्ता मागायचा होता. पावसाळ्यात आईच्या कबरीपर्यंत जाता येत नाही."

"मग सांगायचं ना रे."

"तू गाणं थांबवलं असतंस, तर सांगितलं असतं."

पुढच्या बाकावर कोणीतरी हसलं. मग ताई हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. शामकाकांनी माझा काठ पुसला आणि आधी मला बहिणीपुढे धरलं. "बेबीताई, तुझ्यासाठी."

मित्रांनो, मला चमकवायला पांढरी पावडर पुरते. खरी काळजी वेगळी आहे. मतं वेगळी असू द्या, भांडायचं तर भांडा, पण शेवटच्या बाकावर कोणाला एकटं राहू देऊ नका. पेला घेऊन तिथवर चालत जा.

उमेदवार तर नाताळाआधीच हरला होता. रस्ता अजून कच्चाच आहे, पण मंडळींनी मुरूम टाकून घेतला. अश्विन पाळकांची बदली झाली. जाताना त्यांनी मला कपाटात ठेवू नका, असं बजावलं. मानस वडिलांना घेऊन पुण्याला गेला. संहिता आता आजीशेजारी बसते आणि आजीचे हात थरथरतात, म्हणून मला खालून आधार देते.

शामकाकांनी पुण्याहून ताईंना फोन केला होता. चर्च मोठं आहे, म्हणाले, पेले छोटे आहेत, नाव कोणी घेत नाही. आता दर रविवारी उपासना सुटली की बेबीताई पायरीवर बसून त्यांना फोन लावतात. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आधी त्यांचं नाव घेतात.