अम्मांचं तेजोजल

हैदराबादच्या हिमायतनगरमधल्या त्या फंक्शन हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, सतरंज्या भरल्या, तरी बायका येतच होत्या. कोणी सुनेला घेऊन, कोणी लेकीला, तर कोणी सातवी-आठवीतल्या नातीला. स्टेजवर पांढऱ्या रेशमी साडीत तेजोअम्मा बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यासमोर फोटोवाल्यांचा गोल दिवा लावलेला होता, आणि चेहरा असा झळकत होता की बायका बसल्या जागेवरून हात जोडत होत्या. तो दिवा बंद केला तर काय उरेल, हा प्रश्न एकट्या सरोजताईंना पडला होता.

"सब नॅचरल है अम्मा, केमिकल का नाम नक्को लेओ!" तेजोअम्मा माइकवर गोड आवाजात सांगत होत्या. "डॉक्टर काय करणार? काळेपणा कातडीत नाही, खून में है. पिछले जनम की गर्मी है. ती मी बाहेर काढते."

मग एक मुलगी वर गेली. अम्मांनी तिच्या गालाला पिवळा लेप फासला, तांब्याच्या लोट्यातलं 'तेजोजल' शिंपडलं, आणि बघता बघता पिवळा गाल लालभडक झाला.

"देखो! निकला दोष!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. अम्मांच्या पायाशी छोट्या डब्यांची रास होती. दोष निघाल्यावर लावायचा तेजोरस. केशर, चंदन आणि गाईचं दूध.

सरोजताईंचं डोकं तापलं. नल्लकुंट्याच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर केमिस्ट्री शिकवली होती. शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीच्या, तारामतीच्या कानाशी लागून त्या म्हणाल्या, "अगं, ही हळद आहे आणि ते चुन्याचं पाणी. अकरावीची पोरंसुद्धा हे करतात."

"ताई, हळू बोल!" तारामती गयावया करत म्हणाली. "जयवंताबाई ऐकतील."

खरी अडचण तीच होती. जयवंताबाई म्हणजे तारामतीच्या मुलीची, शर्वरीची, होणारी सासू. बेगम बाजारात त्यांचं हळदीकुंकवाचं ठोक दुकान, नवरा केशवराव गल्ल्यावर, आणि घरात बाईंच्या गोऱ्या रंगाचं कौतुक. शर्वरी त्यांना पसंत होती, फक्त एक गोष्ट सोडून. साखरपुड्याला त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "पोट्टी चांगली आहे हो, पण जरा सावळी. फोटोत आमच्या प्रशांतच्या बाजूला कशी दिसेल काय की!" आणि त्यांनीच हा उपाय सुचवला होता. सुचवला कसला, अटच घातली होती. बँकेत चांगली नोकरी करणारी ती पोर सगळं मुकाट्याने ऐकत होती, कारण प्रशांत तिला आवडला होता.

त्या दिवशी शर्वरीचा गालही लाल झाला. डबी घरी आली. आणि आठवड्याभरात खरोखरच चमत्कार झाला. चेहरा उजळला, डाग गेले, कातडी काचेसारखी तुकतुकीत दिसायला लागली. तारामतीने बहिणीला मुद्दाम बोलावून घेतलं.

"आता बोल! तुझी केमिस्ट्री काय म्हणते?"

हळद-चुन्याचा खेळ सरोजताईंना कळला होता, पण ही चकाकी कशाची हे कळेना. त्यांनी डबी उघडून वास घेतला. केशराचा अर्क होता. मग त्यांनी डबी कपाटावर ठेवली आणि सहज विचारलं, "यात दूध आहे ना? मग नासत कसं नाही?"

"अम्मांचा हात लागलाय ना," तारामती म्हणाली.

हैदराबादच्या एप्रिलमध्ये सकाळचं दूध फ्रिजबाहेर राहिलं तर संध्याकाळपर्यंत फाटतं. हे दूध मात्र डबीत आठवडाभर सुखरूप होतं. एवढी साधी गोष्ट घराघरातल्या बायकांना दिसू नये, याचा सरोजताईंना संताप आला.

पुढच्या काही आठवड्यांत शर्वरीच्या गालांची आग व्हायला लागली. उन्हात पाऊल टाकलं की चेहरा पेटायचा. बारीक लाल शिरा दिसू लागल्या, पुटकुळ्या उठल्या, हनुवटीवर लव वाढली. अम्मांना फोन केला तर उत्तर आलं, "दोष बाहेर येतोय बेटा, दुप्पट लाव." आणि तारामती स्वतःच्या हाताने दुप्पट लावत राहिली. शेवटी एका दुपारी शर्वरी चेहऱ्यावर ओढणी घेऊन मावशीकडे आली आणि म्हणाली, "मावशी, मला आरशात बघायची भीती वाटते."

सरोजताई तिला थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी चेहरा पाहिला आणि वैतागून मान हलवली. "स्टेरॉइडचं मलम. आठवड्याला अशा कितीतरी मुली येतात. आधी गोरेपणा येतो, मग कातडी पातळ होते. आता एकदम थांबवलंत तर आणखी भडकेल. मी सांगतो तसं हळूहळू उतरवायचं. उन्हात छत्री घ्या, पुरेसं झोपा, नीट जेवा. आणि तोंडाला दुसरं काहीही लावायचं नाही, हळदसुद्धा नाही."

हळदीचा दिवस उजाडला. प्रशांतला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन जयवंताबाई आणि केशवराव तारामतीच्या घरी आले. सोबत, खास मानाच्या पाहुण्या म्हणून, तेजोअम्मा. शर्वरी पाटावर बसली होती. तिचा सुजलेला लाल चेहरा पाहून बायका कुजबुजायला लागल्या.

"अय्यो, किती दोष भरला होता पोरीत!" अम्मा म्हणाल्या आणि लोटा घेऊन पुढे झाल्या. "आज सगळा काढते."

सरोजताई मध्ये उभ्या राहिल्या. "तिच्या तोंडाला हात लावायचा नाही."

"अहो सरोजबाई, शुभकार्यात कशाला आडकाठी?" जयवंताबाई कडाडल्या.

"बरं, मग आधी तुम्हाला लावू." आणि जयवंताबाई काही बोलायच्या आत सरोजताईंनी उष्ट्या हळदीचं बोट त्यांच्या गोऱ्यापान गालावर ओढलं, अम्मांच्या हातातला लोटा काढून घेतला आणि पाणी शिंपडलं. गोरा गाल शर्वरीपेक्षाही लाल दिसायला लागला. एक मुलगी फिसकन हसली.

"इन में भी दोष है," अम्मा घाईने म्हणाल्या.

"असं होय?" सरोजताईंनी खाली वाकून पांढऱ्या फरशीवर हळद फासली आणि वरून लोट्यातलं थोडं पाणी ओतलं. फरशी लाल झाली. "आणि या फरशीने मागच्या जन्मी काय पाप केलं होतं?"

सरोजताई केशवरावांकडे वळल्या. "तुम्ही जन्मभर कुंकू विकलंत. कशाचं करायचे हो ते पूर्वी?"

केशवरावांनी फरशीवरचा लाल रंग बोटावर घेऊन पाहिला. "हळदीचंच. हळदीला चुना लागला की लाल होते," ते ओशाळून म्हणाले. "अगं जयवंता, हे आपल्या दुकानातलं काम आहे!"

"लोट्यात चुन्याची निवळी आहे, बाकी काही नाही," कपाटावरची डबी उचलत सरोजताई म्हणाल्या. "आणि या डबीत स्टेरॉइड. डॉक्टरांनी चेहरा बघून ओळखलं. अम्मा, सगळं नॅचरल आहे ना? मग ही डबी घ्या आणि तुमच्या तोंडाला लावा. इथे, सगळ्यांसमोर."

अम्मा दोन पावलं मागे सरल्या. "मेरा व्रत चालू है."

"दुसऱ्यांच्या पोरींना लावताना नव्हतं व्रत!" हे ओरडली ती तारामती. तिचा आवाज फाटला होता. "मी माझ्या हाताने लावलं हो... माझ्या हाताने!"

अम्मा लोटा तिथेच सोडून जिना उतरल्या. जयवंताबाई पदराने गाल पुसत होत्या, आणि पुसता पुसता त्यांनी विचारलंच, "मग आता हिचा चेहरा कधी नीट होणार? उद्याच्या फोटोंचं काय?"

सरोजताईंना वाटलं, उरलेलं पाणी या बाईच्या डोक्यावर ओतावं. पण त्याआधी शर्वरी पाटावरून उठली.

"काही महिने लागतील म्हणाले डॉक्टर," ती शांतपणे म्हणाली. "आणि नीट झाला की तो परत सावळाच होणार आहे. माझा रंग हा आजार नाही, आजार तुम्ही लावलात. प्रशांतला मी सकाळीच फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, हळद पायाला लावून घे. आता तुम्ही सांगा. पायाला लावायची असेल तर लावा, नाहीतर ताट परत घेऊन जा."

केशवरावांनी हळदीचं ताट बायकोपुढे सरकवलं. जयवंताबाई खाली बसल्या आणि त्यांनी सुनेच्या पायाला हळद लावली. ती पश्चात्तापाने लावली की रागाने, याच्याशी सरोजताईंना काही देणंघेणं नव्हतं.

खाली फाटकापाशी मात्र वेगळाच गोंधळ चालला होता. हळदीला आलेल्या दोघी बायका अम्मांच्या गाडीला वेढा घालून डब्या मागत होत्या. सरोजताई तरातरा खाली उतरल्या आणि गाडीच्या खिडकीपुढे आडव्या उभ्या राहिल्या.

"बायांनो, डोळे उघडा!" त्या म्हणाल्या. "बोटभर हळद आणि चिमूटभर चुना तुमच्या घरात आहे, आजच करून बघा. गालाला नको, ताटलीत करा. तेच लाल होईल, अम्मा नसतानाही. डबीवर आत काय आहे ते लिहिलं नसेल तर ती पोरीच्या तोंडाला लावू नका. कातडी बिघडली तर डॉक्टरकडे जा. आणि पोर काळी असेल तर कुठेही जाऊ नका, तिला काहीही झालेलं नाही."

एका बाईने हातात आलेली डबी परत गाडीत टाकली. दुसरीने आपली डबी पर्समध्ये घातली आणि मान खाली घालून निघाली. सरोजताई तिच्या मागे गेल्या, कारण त्या बाईचं बोट धरून चालणारी मुलगी फार तर दहा वर्षांची होती, आणि तिच्या गालाला अम्मांचा पिवळा लेप होता.