जुळलेली आवृत्ती

अच्युतने प्रोग्रामचं बिल्ड पुन्हा एकदा चालवलं आणि चष्मा कपाळावर सरकवून तो वाट पाहत बसला. गेले आठ दिवस पडद्यावर एकच संदेश येत होता: प्लगिन या आवृत्तीशी जुळत नाही. प्रोग्रामची भाषा नवी झाली, तिच्यातल्या ओळींचा चालता प्रोग्राम करणारा कम्पायलर नवा झाला. त्याने नऊ वर्षांपूर्वी लिहिलेलं प्लगिन मात्र जुन्या कम्पायलरलाच ओळखत होतं.

कंपनीचा प्रोग्राम लहान मुलांच्या दवाखान्यांत औषधांचे डोस काढून छापायचा. प्लगिनचं काम एवढंच, की प्रोग्राम तयार होताना प्रत्येक आकड्याचं माप तपासायचं. मिलिग्रॅमच्या जागी मिलिलिटर आलं की बिल्ड तिथेच थांबायचं. या प्लगिनमुळे कंपनीत अच्युतचा शब्द खाली पडत नसे.

आज संदेश वेगळा होता. त्याने नव्याने लिहिलेलं प्लगिन जुळलं होतं, आणि तरीही बिल्ड थांबलं होतं. ओळ दोनशे बारा: चमचे अपेक्षित, मिलिलिटर मिळाले.

नव्या प्लगिनमध्येच काही राहिलं असेल, असं समजून त्याने ती ओळ उघडली. ओळ त्याचीच होती, सहा वर्षांपूर्वीची. ती थोडक्यात लिहायच्या पद्धतीने लिहिलेली होती, आणि तसल्या ओळींच्या आत जुनं प्लगिन बघतच नव्हतं. गुपचूप पुढे जात होतं. वर्षाखालच्या मुलांसाठी तापाचं एक औषध. उत्तर मिलिलिटरमध्ये निघायचं आणि छापताना त्यापुढे ‘चमचे’ लागायचं. त्याने कागदावर दोन मिली लिहिलं. खाली दोन चमचे लिहिलं, त्यापुढे दहा मिली. मग कागद उलटा करून ठेवला.

“अच्युतजी, बिल्ड अजून लाल आहे का?” मॅनेजर यशवर्धन मागे येऊन उभा होता.

“प्लगिन जुळलं.”

“मग प्रॉब्लेम काय आहे?”

अच्युतने पडदा त्याच्याकडे वळवला. यशवर्धनने ओळ दोनदा वाचली आणि शेजारच्या टेबलावर कुणी आहे का ते पाहिलं.

“दुरुस्त करा आणि नव्या व्हर्जनसोबत जाऊ द्या. किसी को पता नहीं चलेगा.”

“चौदा दवाखाने आहेत. सहा वर्षं हे छापलं जातंय.”

“मी आल्यापासून एक तरी कम्प्लेंट आली का? नाही ना?” त्याचा आवाज मऊ झाला. “तुमची दोन वर्षं राहिलीत रिटायर व्हायला. रिलीज नोटमध्ये लिहा, किरकोळ सुधारणा.”

अच्युतने ओळ दुरुस्त केली. बिल्ड हिरवं झालं. त्याने दवाखान्यांची यादी छापून घेतली आणि फोन घेऊन तो गच्चीवर गेला. खाली पोलोग्राउंडच्या कारखान्यांत लेथ चालू होते. यादीत पहिला दवाखाना जुनी इंदूर भागातला होता. फोन मोठ्या सिस्टरने, इंदिराबाईंनी उचलला.

“डोसच्या प्रोग्रामच्या कंपनीतून बोलतोय. वर्षाखालच्या मुलांच्या तापाच्या औषधात एक चूक आहे. आकडा बरोबर येतो, पण माप...”

“चमचे नाही, मिली. मालूम आहे आम्हाला.”

त्याने कठडा धरला.

“कधीपासून?”

“चार साल झाले. तो आकडा आम्ही वाचतच नाही जी. बाटली बघून हातानेच काढतो. नवी सिस्टर आली की पहिल्या दिवशी तेच सांगते मी.”

“पहिल्यांदा कसं कळलं?”

पलीकडे एक मूल रडत होतं. दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

“एका बाळावरून कळलं,” इंदिराबाई म्हणाल्या. “डॉक्टरसाहेबांनी तेव्हा तुम्हाला ईमेल पण केला होता. दोन दिवसांत जवाब आला. प्रोग्राम बनतानाच प्रत्येक माप तपासलं जातं, अशी चूक होऊच शकत नाही, देणाऱ्याच्या हातून गडबड झाली असेल. मग काय, सगळं देणाऱ्या सिस्टरवर आलं. शशिकला नाव तिचं. तिला काढलं.”

ते उत्तर अच्युतला आठवेना. वाक्य मात्र शब्दन् शब्द ओळखीचं होतं.

“त्या आता कुठे असतात?”

“सिमरोलकडे, भावाकडे. परत कुठे ड्यूटी नाही मिळाली तिला. तुम्ही आत्ता सांगितलं ते लिहून द्याल का? चूक मशीनची होती म्हणून?”

“मशीनची नाही. पण लिहून देतो. आजच.”

“सही कुणाची असेल? तेव्हा कुणी अच्युत म्हणून साहेब होते. ते तर मानायलाच तयार नव्हते.”

“सही त्यांचीच असेल.”

“मानतील ते?”

“हो.”

“तुम्ही कोण बोलताय?”

अच्युतने नाव सांगितलं. “पूर्ण नाव सांगा जी,” इंदिराबाई म्हणाल्या, “मी लिहून घेते.”