तपासणीपुरता सायलेन्सर

मित्रांनो, ज्याचं काम चोख झालं की कुणाला ऐकूच येत नाही, असा मी एक जुना सायलेन्सर आहे. गाडीच्या मागच्या बाजूला, पोटाखाली, चिखल आणि धूर खात लटकणारा.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. बाहेरून मी नुसता पत्र्याचा डबा दिसतो. पण माझ्या पोटात तीन खोल्या आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या भोकाभोकांच्या नळ्या आहेत. इंजिनाची डरकाळी एका खोलीतून दुसरीत शिरते, भिंतींवर आपटते, मागून येणाऱ्या स्वतःच्याच भावंडांना धडकते आणि दमून, हळू आवाजात बाहेर पडते. लहानपणापासून मला एकच कुतूहल: हा गिळलेला आवाज जातो कुठे? कारखान्यातला एक म्हातारा कामगार म्हणायचा, "त्याची ऊब होते." मला ते खरं वाटत नसे.

मला एका गडद निळ्या, दोन दारांच्या, वेगवान गाडीला लावलं. तिचा मालक नोरिहिसा हा ओमिया शहरात लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. बऱ्याच वर्षांच्या बचतीतून गाडी घेतली आणि महिन्याभरात तो तिला सुगाया मेस्त्रींच्या गॅरेजात घेऊन आला.

"मेस्त्री, हिला जरा मोकळा श्वास घेऊ द्या."

"सगळे असंच म्हणतात. आणि घरी जाऊन बायकोला सांगतात, नुसतं ऑइल बदललं."

"मला बायको नाही."

"म्हणून तर ही गाडी आहे," मेस्त्री म्हणाले. "पण ऐक. इंजिनाचे घोडे वाढवायचे तर लगाम आधी. पहिल्यांदा ब्रेक."

मग त्यांनी ब्रेक बदलले, कडक स्प्रिंगा घातल्या, टर्बोचा दाब वाढवला आणि मला काढून कोपऱ्यात ठेवलं. माझ्या जागी टायटॅनियमचा एक चकचकीत नळा आला. तोंड एवढं मोठं, की मांजर आत निजेल; पोटात मात्र काही नाही. शेवटी गाडीला पट्ट्यांनी जमिनीशी बांधलं आणि तिची चाकं जमिनीतल्या फिरत्या रुळांवर चढवली. चाकं सुसाट, गाडी जागच्या जागी! मेस्त्री संगणकाच्या पडद्याकडे बघत इंधनाचं माप थोडं वाढवत, थोडं उतरवत. खोकणाऱ्या लेकराला औषध पाजावं, तसे. आणि मग तो नळा गरजला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

मला राग आला नाही, मित्रांनो. नवल वाटलं. इतके दिवस मी हे गिळत होतो होय!

"हा जुना भंगारात टाकू का?" नोरिहिसाने मला पायाने ढकलत विचारलं.

"वेडा की काय! सरकारी तपासणीला तो नळा चालत नाही. दर दोन वर्षांनी हाच लावावा लागेल. तेव्हा पाय धरशील याचे."

अशी माझी रवानगी डोंगराच्या पायथ्याशी, त्याच्या आईच्या घरामागच्या खोपटात झाली. किनुएबाई सत्तरीच्या, एकट्याच राहणाऱ्या. "इतकी धड वस्तू अशी उघडी टाकतात का?" म्हणत त्यांनी मला तेलाचा हात लावला, जुन्या रजईची खोळ घातली आणि मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपाशेजारी ठेवलं. खोपटाच्या फळीत एक भोक होतं. तिथून मला स्वयंपाकघराची खिडकी दिसायची.

नोरिहिसा एक शनिवार सोडून एका शनिवारी यायचा. गाडी खालच्या पुलावर आली की अख्ख्या दरीला कळायचं. दुसऱ्या दिवशी किनुएबाई मिठाईचे खोके घेऊन घरोघरी माफी मागत फिरायच्या.

"आमच्या पोराचा फार त्रास होतो हो तुम्हाला."

"छे, त्रास कसला," शेजारच्या हागिवाराबाई खोका घेत म्हणायच्या, "आम्हाला कॅलेंडर बघावं लागत नाही."

पण मी एक गोष्ट पाहत होतो. पुलावर आवाज झाला, की या घरात दिवा लागायचा. मग खोली उबवणारा रॉकेलचा स्टोव्ह. मग तव्यावर काहीतरी चुरचुरायचं. पुलापासून घरापर्यंतच्या वळणांना जेवढा वेळ लागे, तेवढ्यात अंधारं घर भरलं घर व्हायचं. पोराला वाटायचं, आई अशीच असते.

पहिल्या तपासणीला किनुएबाईंनी मला दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर आणून दिलं होतं. दुसऱ्या वेळी ओढत आणलं. पुढे त्यांना लोणच्यावर दाबाला ठेवायचा दगड उचलेना. पिंप रिकामं झालं ते तसंच राहिलं. मग माझ्या पाठीमागे प्लॅस्टिकच्या पिशव्या जमू लागल्या. दुकानातलं लोणचं! ते त्या आपल्या जुन्या वाडग्यात काढायच्या आणि पिशवी इथे लपवायच्या.

"आई, तुझ्या हातच्या लोणच्याची सर कशाला नाही," नोरिहिसा आतून म्हणायचा.

"घे की अजून," त्या म्हणायच्या.

रॉकेलचा डबाही खोपटातच असायचा. त्या हिवाळ्यात त्या दारात येऊन डब्याकडे बघायच्या, त्याला हात लावायच्या आणि परत जायच्या. स्टोव्हच्या टाकीत उरलं होतं, तेवढं शनिवारसाठी राखून ठेवलेलं. एरवी खिडकी काळी. मी ओरडून सांगायला हवं होतं. पण मित्रांनो, मला बनवलंच होतं उलट्या कामासाठी.

तिसऱ्या तपासणीच्या वेळी त्या आतूनच म्हणाल्या, "तूच काढून घे रे." नोरिहिसा घाईत होता. त्याने खोळीला धरून मला ओढलं आणि निघाला. माझ्या मागे काय होतं, ते त्याने पाहिलं नाही. माणसाला जे हवं असतं तेवढंच दिसतं.

गॅरेजात मेस्त्रींनी मला चढवलं आणि टर्बोचा दाब उतरवला. "नाहीतर याची छाती दाटेल," ते म्हणाले. तपासणी झाली. एरवी मला लगेच उतरवत असत. पण या खेपेला टायटॅनियमच्या नळ्याला तडा गेलेला निघाला. तो सांधायला आठवडा लागणार होता आणि शनिवार तर उद्यावर आलेला.

अशा रीतीने मी प्रथमच त्या पुलावरून गेलो. दरीत पाण्याचा आवाज ऐकू आला. वळणं संपली. नोरिहिसाने नेहमीप्रमाणे गाडी उलटी घेतली, त्यामुळे माझं तोंड थेट स्वयंपाकघराकडे होतं. खिडकी काळी होती.

"आई?" त्याने दार सरकवलं. "आई, आहेस ना?"

आत खुडबुड झाली. "कोण आहे? थांबा, दिवा लावते... नोरी? तू? आवाज कुठाय तुझा?"

दिवा लागला. किनुएबाई कोट, मफलर आणि टोपी घालून, रजई घातलेल्या बुटक्या टेबलाखाली पाय घेऊन बसल्या होत्या. पुढ्यात तांदळाचे चार कुरकुरीत पापड.

"चोरासारखा काय येतोस! हार्ट अटॅक यायचा मला."

"बाहेर निघाली होतीस का?"

"हो... म्हणजे नाही. आत्ताच स्टोव्ह विझवला बघ."

त्याने स्टोव्हवर हात ठेवला. तो लगेच उचलला नाही.

"आई, हा बर्फासारखा आहे."

"डबा जड येतो रे हल्ली," त्या हळूच म्हणाल्या. "आणि एकटीला कशाला हवी एवढी ऊब?"

तो कंदील घेऊन खोपटात गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा एका हातात रॉकेलचा डबा आणि दुसऱ्या हातात मूठभर प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या.

"म्हणजे मी इतके दिवस दुकानातलं खातोय?"

किनुएबाईंनी मफलरमध्ये तोंड लपवलं. "दोनदा मागून घेतलंस की."

तो हसायला लागला. हसता हसता खाली बसला आणि त्याने त्या पिशव्यांतच तोंड लपवलं. किनुएबाईंनी उठून त्याच्या पाठीवर हात फिरवला. "अरे, लोणच्यासाठी कुणी एवढं मनाला लावून घेतं का?"

पुढच्या आठवड्यात सुगाया मेस्त्री सांधलेला नळा घेऊन उभे होते. "चढवू?"

"नको. जुनाच राहू दे."

"काय रे, सगळे घोडे परत तबेल्यात?"

"थोडे जाऊ देत. मला आवाज न करता घरी जायचंय."

मेस्त्रींनी गाडी पुन्हा रुळांवर बांधली आणि माझ्या छातीला झेपेल असं माप बसवायला दुपार घालवली. "घोडे वाढवायला कुणीही येतं," ते पुटपुटले, "गाडीला असं हळू बोलायला शिकवायची ही पहिलीच वेळ."

आता नोरिहिसा शनिवारीच नव्हे, मनात येईल त्या वाराला येतो. रॉकेल लहान लहान कॅनमध्ये भरून दाराशी ठेवतो. लोणच्याचा दगड तोच उचलतो. टायटॅनियमचा नळा माझी खोळ घालून पिंपाशेजारी पडून आहे. किनुएबाई त्यालाही तेलाचा हात लावतात. मात्र हागिवाराबाईंपाशी त्यांची तक्रार चालूच असते.

"मेला येतो कधी, कळतच नाही. रोज दिवा लावा, रोज स्टोव्ह पेटवा, रोज दोघांचा भात!"

मित्रांनो, आम्हा सायलेन्सरांना गंज आतून लागतो. जवळच्या जवळ फिरवलं की पोटात पाणी साचून राहतं आणि बाहेरचा पत्रा मात्र चकचकीत दिसतो. म्हणून आम्हाला अधूनमधून लांब न्या, चांगलं तापू द्या. आणि घरी जाताना, कधीतरी, वर्दी न देता जा.

काल आम्ही पूल ओलांडला, तेव्हा वळणावरूनच ती खिडकी दिसली. आमची चाहूल तिथवर पोचलेली नव्हती. तरी ती पिवळी होती, आणि काचेवर आतून वाफ धरली होती. कारखान्यातला म्हातारा खरं सांगत होता: गिळलेल्या आवाजाची ऊब होते.