कपाटामागची झोप

जिना

तपासणीच्या बाई जिना चढून वर आल्या. दारात थांबून त्यांनी आधी पाणी मागितलं, मग विचारलं, "वर्ग सुरू नाही का?"

वर्ग सुरू होता. चांगला रंगात आला होता. पोरं मांडी घालून पुस्तकात डोकी खुपसून बसली होती. ओठ हलत होते, बोटं ओळीखालून सरकत होती. फक्त आवाज नव्हता. म्हणजे होता, पण वाळक्या पानांवरून कुणी अनवाणी जावं, तेवढाच.

"सुरू आहे की, मॅडम," ताई म्हणाली. सवयीनं तिनंही ते हळूच म्हटलं.

बाईंनी गुडघा चोळला, चष्मा पुसला आणि ताईकडे असं पाहिलं, की ताईला कळलं, आजचा दिवस काही धड जायचा नाही.

ताई

संस्थेच्या कागदांवर तिचं पद एवढं लांब होतं की ओळखपत्रावर ते दोन ओळींत मोडलं होतं. पोरं तिला ताई म्हणायची, खालचा पंक्चरवालाही ताई म्हणायचा. घरी सासूबाई "अगं ए" म्हणायच्या, तेही रात्री, कूस बदलून द्यायला. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं. डोळा लागतो न लागतो तोच हाक यायची. "जगाची लेकरं सांभाळतेस, आणि मी मेली इथं टक्क जागी," असं त्या म्हणायच्या. ताई उठून कूस बदलून द्यायची. टक्क जागी तीही असायची.

संस्था शाळा सुटलेल्या पोरांना वर्षभर शिकवायची आणि परत शाळेत नेऊन बसवायची. वाचता यावं, लिहिता यावं, दुपारी पोटात काहीतरी पडावं. आणि संस्थेच्या पुस्तिकेत एक वाक्य ठळक अक्षरांत होतं: मुलाचं मन निश्चिंत असावं. हे वाक्य वाचलं की ताईला जांभई यायची.

कपाट

खोलीत एक लोखंडी कपाट होतं, कुणीतरी दान दिलेलं. ते भिंतीला चिकटून नव्हतं. आधी ते वीतभर पुढे आलं, मग हातभर, मग आणखी थोडं. आता त्याच्या मागे एक गोधडी मावत होती, आणि गोधडीवर आजीबाई.

आजीबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं. वय असेल नऊ. पण उठताना कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हणायची, तेव्हापासून ती आजीबाईच.

तिची आई रात्री दवाखान्यातल्या फरश्या पुसायला जायची. घरात तान्हा भाऊ. त्याला आडवं ठेवलं की श्वास अडकायचा, म्हणून आजीबाई त्याला खांद्यावर उभा धरून रात्रभर भिंतीला टेकून बसायची. सकाळी आई यायची, चूल करायची आणि आडवी व्हायची, तेव्हाही बाळ आजीबाईकडेच. दुपारी आई उठली की आजीबाई सुटायची. सुटली की इथं यायची.

पहिल्या दिवशी पाटीवर दोन अक्षरं काढली आणि तिसऱ्या अक्षरावर डोकं टेकवलं. ताईनं हलवलं, तर डोळे न उघडताच म्हणाली, "मी नाही झोपले, बाळ झोपलंय."

त्या दिवशी कपाट वीतभर पुढे आलं.

नियम

झोपलेलं मूल गैरहजर धरायचं. फार दिवस गैरहजर राहिलं की त्याची जागा दुसऱ्या मुलाला द्यायची, कारण बाहेर थांबलेली मुलं पुष्कळ. नियम वाईट नव्हता. पूर्वी कुठल्याशा वर्गात पोरांना नुसतं चटईवर निजवून हजेरी भरायचे, म्हणून तो केला होता.

पोरांचा नियम वेगळा. तो कुणी लिहिला नव्हता. आजीबाई झोपली की हळू. पाटी आपटायची नाही. भांडण असलं तर जिन्यात जाऊन भांडायचं. खोकला आला तर उंबऱ्याबाहेर. सगळ्यात अवघड गेलं ते भोंग्याला. त्याचा आवाज असा, की त्यानं पाढा म्हटला तर खाली पंक्चरवाला पुढचा आकडा सांगायचा. भोंग्या सुरुवातीला तोंडात सदऱ्याची कॉलर धरून वाचायचा. मग सवय झाली.

मध्यंतरी पंक्चरवाल्यानं विचारलंही होतं, "ताई, शाळा बंद पडली का हो? आताशा आवाजच नाही."

आवाज

"हं, तू," बाई भोंग्याला म्हणाल्या. "हा धडा वाच. मोठ्यानं."

भोंग्यानं ताईकडे पाहिलं. ताईनं कपाटाकडे पाहिलं, आणि पाहायला नको होतं म्हणून लगेच खिडकीकडे.

भोंग्यानं एक ओळ वाचली.

"काय? ऐकू येत नाही."

दोन वेण्यांची मुलगी पुढे सरकली. "मॅडम, जवळ या ना. जवळून येतं ऐकू."

बाई हसल्या नाहीत. त्या स्टुलावर बसल्या, पुढे वाकल्या. आवाज मऊ केला. तपासणीला आलेलं माणूस आवाज मऊ करतं, तेव्हा पुढचा प्रश्न कसा असतो हे ताईला ठाऊक होतं.

"बाळांनो, कुणाची भीती वाटते का? ताईंची?"

कुणी बोलेना. पोरांना प्रश्नच कळला नव्हता. पण गप्प बसलेल्या पोरांचा अर्थ आपला आपणच लागतो.

"ताई नाही मारत," भोंग्या चिडून म्हणाला. तेही कुजबुजत.

"मग एवढे दबकून का बोलता?"

भोंग्यानं पुस्तकात डोकं घातलं.

बाईंनी ताईला दाराशी घेतलं. "हे बघा, मी चौदा वर्षं हेच काम करतेय. लेकरं अशी उगाच नाही होत. तुम्ही यांना काय करता?"

"शिस्त आहे, मॅडम."

"ही शिस्त नाही. ही दहशत आहे. आणि मी तसं लिहिणार."

ताई चौकटीला टेकून उभी राहिली. खरं सांगितलं तर आजीबाईची जागा जाते. नाही सांगितलं तर वर्ग जातो, आणि नवीन येईल ती ताई कपाट भिंतीला लावेल. म्हणजे दोन्हीकडून गोधडी उचलली जाणार. एवढा विचार करतानाही तिला वाटून गेलं की जरा बसायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

कुणी सांगावं, पोर गाढ झोपली असेल. दोन ओळी वाचून होतील तेवढ्यात.

"वाच रे भोंग्या," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच."

"नक्की?"

"नक्की."

"मग नंतर मला बोलायचं नाही हं."

मोठा आवाज

वर्षभराचा आवाज होता तो. साठवलेला. पहिल्याच शब्दाला खिडकीचं तावदान थरथरलं. दुसऱ्या ओळीला वेण्यावाली सुरू झाली, कारण एकट्या भोंग्यानं का म्हणून. मग सगळीच. प्रत्येकाची ओळ वेगळी, पान वेगळं, कुणी धडा वाचतंय, कुणी पाढे म्हणतंय, एक जण नुसताच ओरडतोय. खाली पंक्चरवाला हातात टायरची ट्यूब घेऊन रस्त्यावर आला, "अरे, काय पेटलं का वर?"

ताईचा कान कपाटाकडे. आता "आई गं" येईल. आता येईल.

आलं नाही.

आधी तिला हायसं वाटलं. मग वाटलं, एवढ्या गोंगाटात कुणी झोपत नाही. पोर काल खोकत होती. अंग थोडं कोमट वाटलं होतं, आणि ताईनं मनात म्हटलं होतं, उद्या बघू.

ती काही ठरवून गेली नाही. पाय गेले. सगळ्यांच्या देखत, बाईंच्या देखत, ती कपाटामागे शिरली आणि गुडघ्यांवर बसली.

आजीबाई कुशीवर झोपली होती. तोंड उघडं. एक हात छातीशी वाकडा, पंजा पसरलेला, बाळाची पाठ धरावी तसा. श्वास चालू होता. संथ, जाड, एखाद्या दमलेल्या गड्यासारखा.

ताई तिथंच भिंतीला टेकली. मागे बाईंच्या ओळखपत्राची साखळी खळखळली.

कपाटामागचं बोलणं

"ही कोण?"

"आजीबाई," भोंग्यानं सांगितलं. आवाज आपोआप खाली आला होता.

"रोज झोपते?"

"आईची सुट्टी असली की नाही," वेण्यावाली म्हणाली. "तेव्हा नुसती भांडते."

"ताई, नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय मॅडम. झोप येते तिला."

बाईंनी कपाटामागे वाकून बघितलं. मग वळून पोरांकडे पाहिलं. "म्हणजे हिच्यासाठी तुम्ही सगळे असे? वर्षभर?"

पोरांनी माना डोलावल्या.

"आणि हिला तर जागच येत नाही."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. भोंग्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मी वर्षभर उगाच गप्प बसलो?"

वेण्यावाली फिस्सकन हसली. मग सगळेच, तोंडावर हात दाबून. बाईंच्याही ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो जागेवर आणला.

"उठवा तिला. वाचून घेते. वाचलं तर हजर लिहीन. झोपलेली काही मला हजर लिहिता येणार नाही."

"थोडं थांबता का? खाऊच्या ताटल्या वाजल्या की उठते ती आपली आपण."

"मला अजून दोन वर्ग आहेत. दोन्ही असेच, वरच्या मजल्यावर. जिने बांधणाऱ्यांना गुडघे नसतात बहुतेक." त्या स्टुलावर बसल्या. उठण्याची काही लक्षणं दिसेनात. "पाणी द्या अजून."

वाचन

ताटल्या वाजल्या. "आई गं" झालं. आजीबाई कमरेवर हात ठेवून कपाटामागून आली आणि अनोळखी बाई पाहून तिनं केस नीट केले.

"ये. वाचून दाखव मला."

तिनं पुस्तक छान धरलं. बोट ओळीखाली ठेवलं. आणि पहिली ओळ घडाघडा म्हणून दाखवली.

उघडलेलं पान वेगळंच होतं.

ताईनं डोळे मिटले. बाईंनी काही न बोलता आजीबाईचं बोट उचलून एका शब्दावर ठेवलं. आजीबाई शब्दाकडे पाहत राहिली. "र," ती म्हणाली. पुढे काहीच नाही. भोंग्या लांबून ओठांनी शब्द दाखवत होता. वेण्यावालीनं त्याला कोपर मारलं.

"जा, खाऊन घे," बाई म्हणाल्या. ती गेल्यावर त्यांनी ताईकडे वळून म्हटलं, "हिला येत नाही."

"हो."

"वर्ष झालं, ताई."

"हो."

रोज थोडा वेळ उठवावं, एक अक्षर द्यावं, असं ताईला रोज वाटायचं. रोज ती कपाटामागे डोकवायची, ते उघडं तोंड बघायची, आणि उद्यावर टाकायची. कीव यायची, हे खरं. पण झोपलेलं मूल म्हणजे शिकवायला एक मूल कमी, हेही होतं. ते तिनं कधी सरळ बघितलं नव्हतं. आज बघितलं, आणि बघायलाही त्राण लागतं हे तिला कळलं.

बाईंनी लिहिलं, आणि लिहिलेलं वाचून दाखवलं: "हजर. वाचता येत नाही." मग पेनाचं टोपण लावलं. "जागी होती समोर, म्हणून हजर. जागा राहील तिची. पण असं लिहिलं की वर्गानंतरचा तास लागतो, ठाऊक आहे ना? रोज. तो तुम्हालाच घ्यावा लागेल. संस्थेकडे दुसरं माणूस नाही."

घरी पोचल्यावर, सासूबाईंचं सगळं करण्याआधी, ताईला थोडा वेळ मिळायचा. दिवसात तेवढाच पाठ टेकायला. तो आता गेला.

"घेईन," ती म्हणाली.

"आणि पोरांना मोठ्यानं वाचू द्या. त्या पोरीचं काही बिघडत नाही, आणि माझ्यासारखी कुणी आली तर तुमचं बिघडतं." बाई कठडा धरून एकेक पायरी उतरू लागल्या. अर्ध्या जिन्यात थांबून म्हणाल्या, "वर्गाचा निकाल मात्र खाली येणार हं. ते माझ्या हातात नाही."

"चालेल, मॅडम."

चालण्यासारखं नव्हतं. पण म्हणतात तसं म्हटलं.

वर्गानंतरचा तास

पोरं गेली. भोंग्या जिन्यावरून ओरडत उतरला, खाली पंक्चरवाल्यानं कानांवर हात ठेवले आणि ओरडला, "शाबास, आली परत शाळा!"

आजीबाई ताजीतवानी होती. झोप झालेली, पोट भरलेलं. ताई तिच्यासमोर बसली आणि पाठ कपाटाला टेकवली. लोखंड गार होतं. बरं वाटलं.

"र," ताईनं बोट ठेवलं. "आणि हा?"

"स?"

"बरोबर. आता दोन्ही मिळून. मोठ्यानं."

"रस!"

"शाबास. पुढे."

आजीबाई ओरडत होती, अडत होती, मागे जात होती, परत येत होती. एक शब्द लागला की टाळी वाजवून पुढच्यावर उडी. खालून हवा भरण्याच्या यंत्राची घरघर येत होती, थांबत होती, परत येत होती. ताई "हं" म्हणत होती. मग "हं" जरा उशिरा येऊ लागलं.

"ताई, झोपलीस?"

"नाही गं. वाच तू."

आजीबाईनं मान वर करून पाहिलं. ताईचं डोकं कपाटाला टेकलेलं, तोंड जरासं उघडं. पोरगी क्षणभर थांबली. मग पुस्तक तोंडाजवळ घेतलं. बोट पुढच्या शब्दाखाली गेलं, ओठ हलले.

"मोठ्यानं," ताई डोळे न उघडताच म्हणाली.

"वाचतेय की," आजीबाई म्हणाली, इतक्या हळू की ते तिचं तिलाच ऐकू आलं असेल.