दिवसा निजलेलं घर

सणसवाडीत साळूबाईंच्या भाड्याच्या खोल्यांना एक नियम होता. दाराबाहेर कंपनीचे बूट दिसले, की त्या दाराशी भांडं आपटायचं नाही, हाक मारायची नाही. आत रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असे. नव्या भाडेकरूला हा नियम कुणी सांगत नसे, तो आपोआपच शिकून जाई.

सुवर्णा लग्न होऊन वरवंडहून आली, तशी तीही शिकली. तिचा नवरा ज्ञानेश प्रेस मशीनवर कामाला होता आणि कायम रात्रपाळी करी. त्याच्या शेजारच्या मशीनवर एकाला डुलकी लागली आणि त्याची दोन बोटं गेली, हे ऐकल्यापासून सुवर्णा नवऱ्याच्या झोपेला जिवापाड जपू लागली. शिट्टी नको म्हणून कुकर सोडून ती भात पातेल्यात शिजवी. नळाखाली बादलीत फडकं टाकी, म्हणजे पाण्याची धार वाजत नसे.

मग ऋतिका झाली. तान्ही रडली की सुवर्णा तिला पदराखाली घेऊन बाहेर पळे. रांगू लागली तेव्हा मोबाईलचा उपाय सापडला. आवाज बंद करून हातात दिला, की पोर जागची हलत नसे. चित्रं नाचत, पोर बघत राही, बाप झोपे. शेजारणी म्हणत, "काय गुणाची पोर हाय. घरात लेकरू हाय आसं वाटतच न्हाई." सुवर्णाला ते ऐकून बरं वाटे.

पण ऋतिका तीन वर्षांची होत आली तरी एक शब्द बोलेना. हाक मारली तर मान वर करीना. अखेर सुवर्णा तिला शिरूरला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

तपासण्या झाल्या. बाई म्हणाल्या, "कान चांगले आहेत. घरी हिच्याशी कोण बोलतं?"

"मी बोलते की. भरवताना, न्हाऊ घालताना."

"काय बोलता?"

सुवर्णानं आठवून पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "गप, म्हणते."

बाई रागावल्या नाहीत. खुर्ची जवळ ओढून त्यांनी समजावलं. मूल आवाज काढतं, आपण त्याच्याकडे बघून उत्तर देतो, मग ते पुन्हा काढतं. या देण्याघेण्यातच त्याचा मेंदू घडत जातो आणि मनालाही धीर येतो. मोबाईल उत्तर देत नाही. "तो बाजूला ठेवा. भाजी निवडताना बोला, तिच्याबरोबर खेळा, आणि तिच्या उत्तराची वाट बघा. तीन महिन्यांनी परत आणा. फरक नसला तर पुढच्या तपासण्या करू. पण हे आजपासून सुरू करा."

संध्याकाळी ज्ञानेश डबा घेऊन निघत असताना तिनं सगळं सांगितलं. तो दारातच थांबला.

"आपला चुलताबी उशिराच बोलला हुता."

"त्यांच्या वाड्यावर पंचवीस माणसं हुती. हितं कोण हाय?"

"आन् मग मी झोपू कवा, सुवर्णे? मशीन काय माझी वाट बघत थांबतंय?"

नवऱ्याचे हात आणि लेकीची जीभ, यातलं एक निवड म्हटल्यावर बाईमाणसानं काय करावं?

दुसऱ्या दिवशी तिनं साळूबाईंपुढं मन मोकळं केलं. खोल्यांच्या मागे साळूबाईंची कांद्याची वखार होती. तिथं त्या बसून कांदा निवडत होत्या.

"मलाबी वाटायचं पोर गुणाची हाय," साळूबाई म्हणाल्या. "अगं, गुणाची न्हाई, दबलीया ती. आण तिला हितं. कांदं काय रातपाळी करून झोपल्यात व्हय?"

तेव्हापासून सकाळची कामं आटोपली, की मायलेकी वखारीत जात. सुरुवातीला पोरीनं मोबाईलसाठी जमिनीवर लोळून हातपाय आपटले. साळूबाई म्हणाल्या, "आपटू दे." मग हळूहळू ती कांदे उचलू लागली. थोरले एकीकडे, बारके दुसरीकडे. सुवर्णा शेजारी बसून बोले: हा लाल, हा सडका, हा तुझा, हा माझा. एकदा साळूबाई गोणीआड लपल्या आणि एकदम तोंड बाहेर काढून म्हणाल्या, "भो."

ऋतिका हसली. खांदे गदगदले, डोळे बारीक झाले. पण हसताना तिनं तळहात तोंडावर घट्ट दाबून धरला होता. आवाज आला नाही.

साळूबाईंच्या हातातला कांदा तसाच राहिला. "हे कुणी शिकवलं गं हिला?"

सुवर्णा खाली बघून कांदे निवडत राहिली.

पुढं बरेच दिवस तोच खेळ, तेच मुकं हसू. मग एका दुपारी सुवर्णा खोलीत पीठ मळत होती. ऋतिका कॉटशी गेली, बापाच्या तोंडावरची चादर ओढली आणि म्हणाली, "भो."

स्वच्छ, खणखणीत आवाजात.

सुवर्णा धावली आणि विचार करायच्या आत तिचा पिठाचा हात लेकीच्या तोंडावर जाऊन बसला.

ज्ञानेश दचकून उठला होता. त्याचे लाल डोळे आधी लेकीवर, मग त्या हातावर थांबले. "काढ," तो म्हणाला.

तिनं हात काढला. पोरीच्या ओठांभोवती पीठ राहिलं. ज्ञानेशनं पुन्हा डोक्यावर चादर घेतली आणि आत वाट बघत राहिला. ऋतिकानं आईकडं पाहिलं आणि आपलाच तळहात तोंडावर ठेवला. बऱ्याच वेळानं त्यानं चादर काढली. त्या दिवशी तो परत झोपला नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून आला तो आत न येता दारातूनच म्हणाला, "माझी उशी आन् चादर दे. आमच्या कंपनीतल्या माऊलीची फर्स्ट शिफ्ट हाय, त्याची खोली दुपारपतूर रिकामीच असती. मी तिकडं झोपत जाईन."

"लोक म्हंतील, बायकूनं घराबाहेर काढला."

"म्हणू दे. ऐकायला मी जागा कुठं असणार?"

तो गेला. सुवर्णा सुपात वांगी घेऊन खाली बसली. लेक समोर. खोलीत कुणी झोपलेलं नव्हतं. तिनं हाक मारली, "रितू," आणि ती कुजबुजच निघाली. तिनं रिकाम्या कॉटकडं पाहिलं, घसा साफ केला. तरी आवाज चिरकला. इतक्या वर्षांत या खोलीत आपलाही आवाज आपण विसरलो, हे तिला आत्ता कळलं.

"रितू, हे बघ. वांगं," ती तिसऱ्या खेपेला मोठ्यानं म्हणाली.

ऋतिकानं वांगं हातात घेतलं. देठ चाचपला, बोट मागं घेतलं. आईच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली. तिचे ओठ हलले, पण त्यातून काही आलं नाही.

सुवर्णानं घाई केली नाही. तिनं दुसरं वांगं उचललं.