मी दांडी, आणि ती मेली सुई

मी तपासणीच्या टेबलाची डावी दांडी बोलतेय. हो, बायकांच्या दवाखान्यातली. उजवी माझी जुळी बहीण, पण ती भिंतीकडे. तिला कोण विचारतंय?

कारखान्यात मला वाकवलं, घासूनपुसून चकचकीत केलं, टेबलाला जोडलं आणि थेट इथे पाठवलं. तांबी बसवायची असो नाहीतर गर्भाशयातला छोटासा तुकडा तपासायला काढायचा असो, थोरल्या डॉक्टर म्हणायच्या, "दांडी घट्ट धरा, थोडंसंच दुखेल." मग बाई मला अशी आवळायची, जणू जगात तिला माझ्याशिवाय कोणी नाही. माझा भाव काय वधारायचा म्हणून सांगू!

पुढे थोरल्या डॉक्टरांची सून डॉक्टर होऊन आली आणि तिच्यामागोमाग ती आली. बधिर करायची सुई. जीव केवढा, तोरा केवढा! काम झालं की डब्यात जायची, दुसऱ्या दिवशी तिची बहीण हजर. तरी कौतुक सगळं तिचंच. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"आम्ही नाही कधी दिलं हे," थोरल्या डॉक्टर म्हणाल्या. माझ्या बाजूने बोलणाऱ्या त्या एकट्याच. "बायका सोसतात गं."

"सोसतात, आई. पण परत येत नाहीत. त्या शिवणवाल्या काकू आल्या का?"

थोरल्या डॉक्टरांनी काकूंचा जुना कागद शोधून काढला.

त्या काकू मलाही आठवत होत्या. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि पुन्हा रक्त दिसू लागलं होतं. तुकडा काढताना कळ सोसवेना, तशा अर्ध्यातच उठून गेल्या. आत काही वाईट आहे का, ते कळायचं राहूनच गेलं.

सुनेने स्वतः फोन करून त्यांना बोलावलं. आधी गोळी दिली, मग सुई, आणि मग ती चक्क स्टुलावर बसून राहिली.

"औषध चढू दे, काकू. आणि मधे थांबा म्हणालात की मी थांबणार."

"खरंच थांबाल?"

"थांबा म्हणून तर बघा."

काकू मध्येच म्हणाल्या, "थांबा." सून थांबली. काकूंनी दोन श्वास घेतले. मी सरसावले, आता धरतीलच! पण हात पोटावरून हलला नाही.

"हं, करा."

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "झालं? एवढंच?"

"झालं. तुकडा बाटलीत आला. आता काय असेल ते कळेल, आणि वेळेत कळेल."

सुई कधीच डब्यात पडली होती, तरी जिंकली तीच. मी जळून कोळसा झाले.

तेवढ्यात उतरताना काकूंनी माझ्यावर हात टेकला. कोरडा, उबदार हात. आजवर माझ्या वाट्याला आले ते गारठलेले, घामेजलेले. हात असाही असतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

म्हणून सांगते बायांनो, या टेबलावर झोपायची वेळ आली तर आधी सुई मागा. त्या मेलीचं नाव घेताना अजून माझा जीव जळतो. पण मला धरायचं, ते उतरताना धरा.