अळीचा चातुर्मास

इचोड्याच्या वामनरावांनी कृषी खात्यात तीस वर्षं शेतकऱ्यांना शहाणं केलं आणि निवृत्त झाल्यावर परसात अठरा वांग्याची झाडं लावली. शहाणं करायला आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.

झाडं आषाढात लावली आणि तिथंच घोळ झाला. त्यांच्या घरी चातुर्मास लागला की चंपाषष्ठीपर्यंत वांगं वर्ज्य. त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, मगच वांगं तोंडात. वामनराव नियमाचे पक्के. खायचं नाही म्हणजे त्यांनी झाडाला हातसुद्धा लावला नाही. भाद्रपदात त्यांच्या पत्नी वनमालाबाईंनी शेंडे माना टाकून राह्यले म्हणून दोनदा सांगितलं. चंपाषष्ठी होऊ दे, मग पाहू, असं उत्तर मिळालं. अळीच्या घरी मात्र चातुर्मास पाळत नसावेत. ती शेंड्यातून फळात आणि एका फळातून दुसऱ्यात सहकुटुंब फिरत राहिली.

एवढ्यावर भागलं असतं, पण वामनरावांनी तलमडुगुच्या व्यंकटरावांना चंपाषष्ठीचं जेवायला बोलावलं होतं. व्यंकटराव म्हणजे मुलीचे सासरे, इकडच्या बोलीत इवाई; घरचा कापूस, ज्वारी नि बांधाला थोडी वांगी. बोलावताना वामनराव फोनवर म्हणून गेले होते की भरीत घरच्या वांग्याचं असेल, आणि लागवड कशी करतात तेही पाहून घ्या.

दोन दिवस आधी त्यांनी एक वांगं गुपचूप कापलं. आत बोगदा. दुसरं कापलं. त्यात बोगद्याचा मालक हजर. फवारावं, तर फवारल्यावर इतक्या लवकर तोडून खाऊ नका, असं त्यांनीच गावोगाव सांगितलेलं. मग ते बाजारात गेले आणि मेथीच्या जुडीखाली झाकून सहा तुकतुकीत वांगी घेऊन आले.

वनमालाबाईंनी पिशवी पाहिली. "सणाच्या दिवशी देवाशी खोटं बोलता?"

"देवाले कुठं सांगून राह्यलो? इवायाले सांगून राह्यलो."

बाईंनी पिशवी उचलून आत ठेवली. वामनरावांनी ती संमती धरली.

चंपाषष्ठीला व्यंकटराव आले आणि हातपाय न धुता थेट परसात गेले. शेतकऱ्याला आधी पाणी देऊन बसवावं, हे वामनरावांना उशिरा सुचलं. व्यंकटरावांनी सुकलेला एक शेंडा मोडला, नखानं चिरला आणि आतली गुलाबी अळी तळहातावर घेऊन व्याह्यांपुढे धरली, प्रसाद धरावा तशी.

"हे काऊन झालं, इवाईबुवा?"

वामनरावांनी यंदाच्या ढगाळ हवेचं नाव घेऊन पाहिलं. व्यंकटराव तळहात हलवेनात. शेवटी वामनराव म्हणाले, "चार महिने हात नाही लावला. आमच्यात वांगं वर्ज्य असते."

"आमच्यातबी असते. पण खाणं वर्ज्य असते. किडकं तोडून गाडणं कोनी वर्ज्य केलं? आमी दर आठवड्याले तोडतो."

वामनरावांनी खाली पाहिलं. तिथंही एक किडकं वांगं पडलेलं होतं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आणखी एक सांगतो. भरीत घरचं नाही. बाजारातून आणलं."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, "घरचंच आहे."

वनमालाबाई रोडगे शेकत होत्या. त्यांनी पहाटेपासून घरची तीस-बत्तीस वांगी चिरली होती, किडका भाग काढला होता आणि उरलेल्या फोडी तव्यावर भाजून भरीत केलं होतं. बाजारची सहाही वांगी शेजारच्या पूर्णिमाला सकाळीच देऊन टाकली होती.

"तुमी फोनवर शब्द दिला होता न," त्या म्हणाल्या. "तो पाळला."

न केलेला गुन्हा कबूल करून वामनराव दोघांच्या मधे उभे राहिले. व्यंकटराव इतके हसले की अळी हातातून पडली, आणि मग दोघांनाही वाकून ती शोधावी लागली.

नैवेद्य झाला, पानं वाढली. व्यंकटरावांनी भरीत दोनदा मागून घेतलं, जेवण उरकल्यावर सगळे शेंडे आपल्यादेखत मोडून घेईन असं जाहीर केलं, आणि व्याही अजून जेवत का नाहीत म्हणून पाहिलं.

वामनराव उठून आतून चष्मा घेऊन आले होते. तो लावून त्यांनी पानातलं भरीत बोटानं अलगद पसरलं, नीट पाहिलं, आणि मगच पहिला घास घेतला.